पुणे लोकसभा मतदारसंघ : निवडणुकांचा इतिहास

महाराष्ट्रातल्या ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी एक, यादीतला नंबर ३४. सध्या यात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात : कसबा पेठ, शिवाजीनगर, पर्वती, कोथरूड, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट (हा अनुसूचित जातींसाठी राखीव). पुण्यात राहणारा प्रत्येक जण पुणे लोकसभेत मत देतो असं मात्र नाही. हडपसर शिरूरमध्ये जातं, खडकवासला बारामतीत आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग मावळमध्ये, त्यामुळे धायरीत किंवा मगरपट्ट्यात राहणाऱ्या माणसाचा खासदार वेगळाच असतो. ही आखणी २००८ च्या पुनर्रचनेतली, म्हणजे २००९ च्या निवडणुकीपासूनची. त्याआधी भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभा मतदारसंघ होते ते गेले, कोथरूड आणि वडगाव शेरी नव्याने आले. जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करताना हे लक्षात ठेवावंच लागतं, कारण १९९१ चं पुणे आणि २०१४ चं पुणे नकाशावर एक नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर याद्यांचं एकमत नाही. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली, म्हणून काही ठिकाणी वर्ष १९५१ दिसतं तर काही ठिकाणी १९५२, दोन्ही एकाच निवडणुकीबद्दल आहेत. खरा घोळ नावाचा आहे. त्या वेळी मुंबई राज्यात 'पुणे' असा एकच मतदारसंघ नव्हता, पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन होते. पुणे मध्यमधून काकासाहेब (नरहर विष्णू) गाडगीळ निवडून आले, पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव, दोघंही काँग्रेसचे. बऱ्याच तक्त्यांत फक्त काकासाहेबांचं नाव पहिल्या ओळीत येतं आणि मायदेवांचं गळून जातं. काकासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते, नाव मोठं होतं आणि शहराचा मध्यभाग त्यांच्याकडे होता, म्हणून आजच्या मतदारसंघाचा पूर्वज पुणे मध्यलाच धरायचा हे मत जास्त रुळलेलं आहे आणि भूगोलाच्या हिशोबाने त्यात तथ्यही आहे. तरी दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिणंच योग्य असं इथे धरलंय. त्याला आणखी एक कारण आहे. १९५२ नंतर पुण्यातून एकही बाई लोकसभेवर निवडून गेलेली नाही, म्हणजे मायदेवांना यादीतून वगळलं की पुण्याच्या खासदारांत बाईचं नावच उरत नाही, आणि ज्या शहरात मुलींच्या शिक्षणाची एवढी मोठी परंपरा आहे तिथे ही नोंद पुसली जाणं फार वाईट.

१९५७ ला 'पुणे' हा एक मतदारसंघ झाला आणि निकाल पार उलटला. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना पुण्यातच, टिळक स्मारक मंदिरात ६ फेब्रुवारी १९५६ ला झाली होती, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि लोकांचा राग काँग्रेसवर निघाला. समितीच्या पाठिंब्यावर नानासाहेब (नारायण गणेश) गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवलं. खरं तर काकासाहेब स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने संसदेत ठामपणे बोललेले होते, पण ते काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते आणि त्या वेळी लोकांनी माणसापेक्षा पक्ष बघितला. नानासाहेब गोव्याच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, प्रजा समाजवादी पक्षाचे नेते. लोकसभेच्या नोंदीत त्यांचा पक्ष प्रजा समाजवादी असाच आहे, पुण्यात जुनी माणसं 'समितीचे गोरे' म्हणायची, दोन्ही बरोबर, कारण समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ ला काँग्रेस परत आली, शंकरराव मोरे खासदार झाले. हे मूळचे शेतकरी कामगार पक्षाचे, १९५२ ला सोलापुरातून लोकसभेवर गेलेले. १९६७ ला एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी पक्ष. समितीचे सरचिटणीस म्हणून ते राज्यभर माहीत होते, पुणेकरांसाठी तर ते नुसते 'एसेम'. १९७१ ला इंदिरा लाटेत मोहन धारिया निवडून आले, काँग्रेसच. म्हणजे पहिल्या पाच निवडणुकांत पुण्याने एकही माणूस दुसऱ्यांदा लोकसभेत पाठवला नाही. पुणे हा अमक्याचा बालेकिल्ला असं जे सर्रास बोललं जातं ते निदान या काळाला अजिबात लागू पडत नाही.

धारियांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. काँग्रेसमधल्या चंद्रशेखर यांच्याबरोबरच्या 'तरुण तुर्क' या बंडखोर गटातले ते. जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करा असं इंदिरा गांधींना उघडपणे सांगितल्यामुळे मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं, पुढे आणीबाणीत तुरुंगवास झाला आणि १९७७ ला ते पुण्यातूनच पुन्हा उभे राहून जिंकले, या वेळी जनता पक्षाकडून. मोरारजी देसाई सरकारात ते वाणिज्य मंत्री झाले. लागोपाठ दोनदा जिंकणारे ते पुण्याचे पहिले खासदार, आणि तेही पक्ष बदलून. इथेही तक्त्यांत फरक दिसतो, काहींत १९७७ पुढे 'जनता पक्ष' असतं, काहींत 'भारतीय लोकदल'. कारण सरळ आहे, घटक पक्षांचं विलीनीकरण कागदोपत्री पूर्ण व्हायच्या आत निवडणूक आली, उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले, म्हणून निवडणूक आयोगाच्या आकडेवारीत लोकदल आलं. राजकीय अर्थाने जनता पक्ष हेच बरोबर मानावं.

१९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग तीन निवडणुका विठ्ठलराव गाडगीळ यांनी जिंकल्या. काकासाहेबांचे चिरंजीव, केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे राज्यमंत्री, पुढे काँग्रेसचे प्रवक्ते. सलग तीनदा एकच माणूस हे पुण्यात त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. १९८९ ला देशात काँग्रेसची सत्ता गेली तरी पुणे त्यांनी राखलं.

१९९१ ला भाजपचे अण्णा जोशी निवडून आले, पक्षाचा पुण्यातला पहिला लोकसभा विजय. तिथून पुढे तेरा वर्षं खासदार दर वेळी बदलला. १९९६ ला काँग्रेसचे सुरेश कलमाडी, त्यांच्यासमोर भाजपचे गिरीश बापट हरले. १९९८ ची निवडणूक सगळ्यात गुंतागुंतीची : कलमाडी काँग्रेसबाहेर पडून पुणे विकास आघाडी काढून उभे राहिले, भाजप-शिवसेनेने स्वतःचा उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिला, आणि काँग्रेसचे विठ्ठल तुपे जिंकले. युतीची मतं अपक्षाकडे जशीच्या तशी वळत नाहीत हे तेव्हा दिसलं असं काही जण म्हणतात, तर काही जण तुपेंच्या विजयाचं श्रेय त्या वर्षी राज्यभर चाललेल्या काँग्रेस-रिपब्लिकन एकजुटीला देतात. दुसरं कारण जास्त पटण्यासारखं आहे, कारण तो निकाल फक्त पुण्यापुरता नव्हता. १९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले आणि भाजपचे प्रदीप रावत आले. २००४ ला कलमाडी पुन्हा काँग्रेसकडून.

२००९ ला कलमाडींनी भाजपच्या अनिल शिरोळेंना पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. मनसेचे रणजित शिरोळे यांना त्या फरकापेक्षा कितीतरी जास्त मतं पडली होती, त्यामुळे 'मनसेने भाजपला पाडलं' असं समीकरण रूढ झालं. ते अर्धवट आहे, मनसेची सगळी मतं भाजपकडेच गेली असती हे गृहीत धरता येत नाही, शिवाय मतदानच जेमतेम चाळीस टक्के झालं होतं. राष्ट्रकुल स्पर्धांच्या भ्रष्टाचार प्रकरणात २०११ ला काँग्रेसने कलमाडींना निलंबित केलं आणि २०१४ ला तिकीट विश्वजित कदमांना गेलं. त्या वेळी अनिल शिरोळे ३,१५,७६९ च्या लीडने जिंकले. मतदार यादीत नाव नाही म्हणून परत गेलेल्या मतदारांच्या तक्रारीही त्याच निवडणुकीतल्या. २०१९ ला गिरीश बापट ३,२४,६२८ मतांनी, काँग्रेसचे मोहन जोशी हरले. १९९६ ला हरलेले बापट तेवीस वर्षांनी लोकसभेत पोचले.

बापटांचं २९ मार्च २०२३ ला निधन झालं आणि त्यानंतर पोटनिवडणूक झालीच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्यायला हवी. सूट दोनच बाबतीत : उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा केंद्र सरकारशी सल्लामसलत करून आयोगाने 'मुदतीत घेणं अवघड आहे' असं प्रमाणित केलं तर. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षापेक्षा जास्त काळ शिल्लक होता आणि पहिली सूट लागूच नव्हती. आयोगाने दुसरीचा आधार घेतला, यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या तयारीत गुंतलीय आणि निवडून येणाऱ्याला थोडेच महिने मिळतील असं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाला हे पटलं नाही, १३ डिसेंबर २०२३ ला त्यांनी ताबडतोब पोटनिवडणूक घ्यायचा आदेश दिला, पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागांवर दुसरीकडे निवडणुका घेतल्या गेल्या होत्या हेही लक्षात आणून दिलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि विषय तिथेच थांबला. कायद्याचं सरळ वाचन उच्च न्यायालयाच्या बाजूचं आहे असंच म्हणावं लागतं. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक दोन-सव्वादोन महिन्यांत झाली होती, आणि लोकसभेला मात्र एवढं मोठं शहर १४ महिने खासदाराविना राहिलं.

२०२४ ला, १३ मे च्या मतदानात, भाजपचे मुरलीधर मोहोळ (माजी महापौर) यांनी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना १,२३,०३८ मतांनी हरवलं, वंचितकडून वसंत मोरे उभे होते. धंगेकर म्हणजे तेच, ज्यांनी वर्षभरापूर्वी कसबा भाजपकडून घेतला होता, पण लोकसभेला त्यांना कसब्यातही लीड मिळालं नाही, आणि मोहोळांना सगळ्यात मोठं लीड कोथरूडने दिलं. भाजपचा हा सलग तिसरा विजय, तीन वेळा तीन वेगळे उमेदवार. मोहोळ पहिल्याच टर्ममध्ये केंद्रात सहकार आणि नागरी हवाई वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले.