प्रकाशाचे अपस्करण

पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, प्रकाशाच्या वारंवारतेनुसार बदलतो. या गुणधर्माला अपस्करण म्हणतात. कोष्टकांत काचेसमोर १.५ किंवा पाण्यासमोर १.३३ असा एकच आकडा दिसतो. तो बहुधा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी मोजलेला असतो. भिंगांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशाला (तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर) १.५१४३ आणि निळ्याला (४८६ नॅनोमीटर) १.५२२४ असतो. फरक जेमतेम ०.००८, पण लोलकातून रंग सुटे होतात ते त्याच्याच जोरावर, आणि साध्या भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत कडा उमटते तीही त्याच्यामुळेच. भिंगाचा हा दोष जाणारच नाही, असे न्यूटनचे मत झाले आणि त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण घडवली. पुढे क्राउन आणि फ्लिंट या दोन काचा जोडून तो दोष बराच कमी करता आला. अशा भिंगाचे पेटंट जॉन डॉलंडने १७५८ मध्ये घेतले.

याचे मूळ इलेक्ट्रॉनांत आहे. अणूला बांधलेल्या इलेक्ट्रॉनाची स्वतःची एक स्वाभाविक वारंवारता असते. झोक्याला त्याच्या लयीत ढकलले की तो उंच जातो, तसा प्रकाशाची वारंवारता तिच्या जवळ येईल तसा इलेक्ट्रॉन जास्त हलतो आणि अपवर्तनांक वाढतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनांच्या या वारंवारता अतिनील पट्ट्यात आहेत. जांभळ्या प्रकाशाची वारंवारता तांबड्याहून जास्त, म्हणजे त्यांच्या अधिक जवळची, म्हणून तो तांबड्यापेक्षा जास्त वळतो.

नेमक्या स्वाभाविक वारंवारतेपाशी पदार्थ प्रकाश शोषतो, आणि तिथे वारंवारतेबरोबर अपवर्तनांक वाढण्याऐवजी उतरतो. फुक्सिन या रंगद्रव्याच्या द्रावणात भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियनसेनने हे १८७० मध्ये पाहिले. याला असंगत अपस्करण म्हणत असले तरी प्रत्येक पदार्थात ते कुठल्या ना कुठल्या वारंवारतेला असतेच. शोषण आणि अपवर्तनांक इतके बांधलेले आहेत की सर्व वारंवारतांचे शोषण कळले, तर क्रेमर्स-क्रोनिग संबंध या गणिती सूत्रांवरून अपवर्तनांक काढता येतो.

क्ष-किरणांची वारंवारता बहुतेक इलेक्ट्रॉनांच्या वारंवारतांच्या पलीकडे असल्याने त्यांच्यासाठी काच-धातूंचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी भरतो. म्हणूनच अगदी तिरप्या कोनात आले तर ते गुळगुळीत पृष्ठभागावरून पूर्ण परावर्तित होतात. चंद्रा या अवकाश दुर्बिणीचे आरसे याच तत्त्वावर चालतात.

उलट टोकाला पाणी आहे. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींबरोबर पाण्याचे अख्खे ध्रुवीय रेणू वळू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ९ असतो. दृश्य प्रकाशाच्या वेगवान कंपनांना हे जड रेणू साथ देऊ शकत नाहीत. प्रतिसाद देतात ते मुख्यतः इलेक्ट्रॉनच, आणि आकडा १.३३ वर येतो.