वुटाख खोऱ्यातील वळणावळणाचा लोहमार्ग : पार्श्वभूमी

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, ब्लुम्बर्ग आणि वायत्सेन ही गावे सरळ रेषेत एकमेकांपासून साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहेत. रेल्वेने मात्र हे अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. डोंगरउतारावर मागेपुढे वळसे घेत आणि एके ठिकाणी बोगद्याच्या पोटातच पूर्ण फेरी मारून उतरणाऱ्या या मार्गाला तिथले लोक आपल्या बोलीत ‘साउश्वेन्त्सलेबान’, म्हणजे डुकराच्या शेपटीची रेल्वे, म्हणतात. विरळ वस्तीच्या खोऱ्यात एवढा खटाटोप का झाला, याचे उत्तर सीमारेषेत आहे.

ऱ्हाइनच्या काठाने बाझेलहून कॉन्स्टान्झला जाणारा बाडेन राज्याचा लोहमार्ग 1863 मध्ये पूर्ण झाला. बाझेल आणि शाफहाउझेन येथे तो 1852 च्या करारानुसार स्विस भूमीतून नेलेला होता. व्यापाराला आणि प्रवाशांना त्यात अडचण नव्हती. परंतु 1870-71 च्या युद्धानंतर अल्सास प्रांत जर्मनीकडे आला आणि फ्रान्सशी पुन्हा युद्ध झाल्यास दक्षिण जर्मनीतील सैन्य पश्चिमेकडे कसे न्यायचे, हा प्रश्न लष्करापुढे उभा राहिला, कारण तटस्थ देशातून सैनिकी गाड्या नेणे शक्य नव्हते. स्विस भूमी टाळण्यासाठी मग तीन जोडमार्ग बांधण्यात आले : वाइल ते लोराख, शॉप्फहाइम ते झेकिंगन आणि वुटाख खोऱ्यातला हा तिसरा. तिन्ही मार्ग 20 मे 1890 रोजी सुरू झाले.

वुटाख खोऱ्याच्या खालच्या भागात वायत्सेनपर्यंत रूळ 1876 मध्येच पोहोचले होते, पण पुढचा डोंगर चढण्याचे काम तिथेच थांबले होते. वायत्सेन आणि ब्लुम्बर्ग यांच्या उंचीत सुमारे 230 मीटरचा फरक आहे. सरळ चढवला असता तर मार्गाचा चढ साधारण चाळीसास एक इतका झाला असता, आणि माणसे, घोडे व तोफा भरलेल्या लांब गाड्यांसाठी लष्कराला शंभरास एकपेक्षा अधिक चढ मान्य नव्हता. उंची कमी करता येत नव्हती, तेव्हा लांबी वाढवणे एवढाच उपाय उरला. श्टॉकहाल्डेचा 1700 मीटरचा वर्तुळाकार बोगदा आणि एप्फेनहोफेनजवळचा 264 मीटर लांबीचा लोखंडी पूल याच एका अटीतून जन्मले. मला या मार्गाची खरी थोरवी इथेच दिसते, कारण त्यातले एकही वळण शोभेसाठी घेतलेले नाही.

खोऱ्यातल्या गावांची गरज मात्र या आखणीत कुठेच नव्हती, आणि त्याचा परिणाम पुढे दिसला. शांततेच्या काळात या भागात प्रवासी थोडे आणि माल त्याहून थोडा असे. 1930 च्या दशकात ब्लुम्बर्गला कमी प्रतीच्या लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या, पण त्या 1942 मध्येच बंद पडल्या. डोंगरातल्या टप्प्यावरील प्रवासी गाड्या 1955 मध्ये थांबल्या. तरीही 1960 च्या दशकात पूल आणि बोगद्यांची दुरुस्ती झाली, तीही पुन्हा लष्करी कारणासाठी : शीतयुद्धाच्या काळात नाटोला हा मार्ग हाताशी हवा होता. ती निकड संपताच 1976 मध्ये वाहतूक बंद झाली. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, याच टप्प्यावर वाफेच्या इंजिनांची संग्रहालय-रेल्वे धावू लागली. उत्तरेकडे इमेंडिंगन ते ब्लुम्बर्गच्या त्सोलहाउस स्थानकापर्यंत 2004 पासून स्थानिक प्रवाशांसाठी पुन्हा गाड्या सुरू झाल्या.