मिसरूड फुटलं की जातो म्हणे!

एडीएचडी (अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता) हा लहान मुलांचा आजार, मोठेपणी आपोआप जातो, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. पुष्कळांच्या बाबतीत तो जात नाही, फक्त रूप बदलतो. वर्गात सारखा बाकावरून उठणारा मुलगा चाळिशीत मीटिंगमध्ये शांत बसलेला दिसतो. टेबलाखाली पाय मात्र हलत असतो आणि समोरच्याची शेवटची तीन वाक्यं कानावरून गेलेली असतात. फॉर्म भरून तयार, फक्त सही राहिलेली, आणि तो तीन आठवडे बॅगेतच.

‘पण तू तर चार-चार तास गेम खेळतोस!’ हा ठरलेला टोमणा. गफलत इथेच आहे (‘अवधान-न्यूनता’ हे नावही तिला खतपाणी घालतं). लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. आवडीच्या कामात तहानभूक हरपते, कंटाळवाण्या कामाला हातच लागत नाही. यात आळस शोधणं चुकीचं.

मुलींचं तर अनेकदा निदानच होत नाही. दंगा न करता खिडकीबाहेर बघणारीची तक्रार कोण करणार?

अर्थात, किल्ल्या विसरणारा प्रत्येक जण यात मोडत नाही. डीएसएम-५ या मनोविकार-निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या (२०१३) निकषांनुसार वयाची १७ वर्षं आणि त्यापुढे अवधान-न्यूनतेच्या किंवा चळवळेपणाच्या ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची, आणि एकाहून जास्त ठिकाणी आड येणारी. म्हणून तर मानसोपचारतज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तकं मागतात. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉईड यांतही चित्र असंच दिसू शकतं. ते आधी तपासावं लागतं.