मेंदूचे प्रतिमांकन आणि चेतापेशींची पुनर्वाढ

मेंदूचे प्रतिमांकन (स्कॅन) म्हणजे कवटी न उघडता मेंदूची रचना, रक्तपुरवठा आणि कामकाज चित्ररूपाने पाहण्याच्या पद्धती. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या यांपैकी एकाही पद्धतीत सुटी चेतापेशी (न्यूरॉन) दिसत नाही. सीटीला दिसते ती क्ष-किरण अडवणारी घनता, एमआरआयला मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन आणि पेट स्कॅनला बहुधा शरीरात टोचलेली, किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर. पक्षाघातात मेलेला भाग पुन्हा भरून येतो का, हे स्कॅनवर शोधताना ही मर्यादा आधी ध्यानात घ्यावी लागते.

सीटी काही मिनिटांत होतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. त्यांच्याच नावाच्या मापनात पाणी ०, हवा उणे १००० आणि नुकतेच साकळलेले रक्त साधारण ५० ते ८० असते. म्हणून रक्तस्राव लगेच पांढरा उठून दिसतो. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर मात्र पहिले काही तास सीटी अगदी स्वच्छ दिसू शकतो. ‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे लकवा नाही’ हा समज त्यामुळे घातक ठरतो. इथे सीटीचे काम रक्तस्राव नाही ना, एवढे पाहण्याचे असते, कारण गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध रक्तस्रावात दिले तर जिवावर बेतते. ते सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचे असते. झोपेतून उठतानाच हात लुळा आढळला, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, तेव्हापासून वेळ मोजतात.

एमआरआयमधील विसरण-चित्र, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारे चित्र, याहून बरेच आधी बोलते. रक्त थांबले की पेशीतले सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची मोकळी हालचाल अडते. तो भाग पांढरा दिसतो. मात्र ही हालचाल मोजून दाखवणाऱ्या एडीसी नकाशावर तीच जागा काळी असायला हवी. तिथेही ती उजळ असेल, तर ती बहुधा जुन्या इजेची चमक असते. नवशिक्याची चूक नेमकी इथे होते. एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी पेसमेकर आणि जुन्या शस्त्रक्रियेतली क्लिप यांची चौकशी होतेच, पण लेथ किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाला डोळ्यात कधी कीस गेला होता का, हेही विचारलेच पाहिजे. लोखंडाचा बारीक कण चुंबकाने हलला तर दृष्टी जाऊ शकते.

काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला, तर त्या जागी पाण्याने भरलेली पोकळी आढळते. फ्लेअर या, मोकळे पाणी काळे दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात ती काळी असते आणि तिच्या कडेला व्रणाची पांढरी किनार असते. पोकळी बुजत नाही, कारण परिपक्व चेतापेशी विभाजनचक्रातून कायमची बाहेर पडलेली असते. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी संबंधित भागात, नव्या चेतापेशी जन्मतात, असा पुरावा १९९८ मध्ये पुढे आला. २०१८ मध्ये दोन संशोधकगटांनी त्यावर परस्परविरोधी निष्कर्ष काढले. तिथे त्या जन्मत असल्या, तरी हात हलवणाऱ्या भागातले भगदाड त्यांनी भरत नाही.

पेशी जिवंत असून तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा लांब धागा, तुटला असेल, तर गोष्ट वेगळी. हातापायांच्या चेतांमध्ये (नसांमध्ये) तंतूंना आवरण देणाऱ्या श्वान पेशी (Schwann) तुटलेल्या टोकापुढची घाण साफ करतात, नळीसारखी वाट तयार ठेवतात आणि तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कोपरापासून ३० सेंटिमीटर अंतर कापायला त्याला दहाएक महिने लागतात. चेतेवरून बोटाने हलकेच ठोकत गेल्यावर जिथे झिणझिण्या येतात, ती जागा महिन्याला साधारण ३ सेंटिमीटर पुढे सरकली, तर वाढ चालू आहे असे समजतात.

मेंदूत आणि मज्जारज्जूत ही वाट मिळत नाही. तिथल्या तंतूंवरच्या मायलिन या चरबीयुक्त आवरणातील नोगो-ए हे प्रथिन वाढणारे टोक आखडवते, मोडलेल्या मायलिनचा कचरा फार सावकाश उचलला जातो आणि तारकापेशी या आधारपेशींच्या व्रणातली काँड्रॉइटिन सल्फेटयुक्त प्रथिने वाट अडवते. पण या व्रणाला निव्वळ शत्रू मानणे चूक आहे. तो दाह आटोक्यात ठेवतो. प्राण्यांत तो बनूच दिला नाही, तेव्हा इजा वाढली. अल्बर्ट अग्वायो यांच्या माँट्रियलमधील गटाने १९८० च्या सुमारास उंदरांच्या मज्जारज्जूला हातापायांच्या चेतेचा तुकडा जोडला. त्यातून मध्यवर्ती तंतू काही सेंटिमीटर वाढले, पण पुन्हा मज्जारज्जूत शिरल्यावर लवकरच थांबले. अडथळ्याचा मोठा वाटा परिसराचा आहे, हे त्यातून दिसले. झेब्रा माशाचा मज्जारज्जू तुटूनही सांधतो.

तरीही रुग्ण सुधारतो, आणि ही सुधारणा खरी असते. कडेच्या, रक्ताअभावी गप्प पडलेल्या पण जिवंत पेशी पुन्हा कामाला लागतात, सूज उतरते, उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करतात. सर्वाधिक फरक पहिल्या तीन महिन्यांत पडतो, म्हणून त्या काळात व्यायामोपचार बुडवू नयेत. मेंदूचे कामकाज दाखवणाऱ्या कार्यात्मक एमआरआयवर तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजूंना रंग उमटताना दिसतो. तो रंग नव्या पेशींचा नव्हे, रक्तातील ऑक्सिजनच्या बदलाचा असतो. हा बदल पेशींच्या कामानंतर पाचेक सेकंदांनी शिगेला पोचतो, आणि डोके दोन-तीन मिलिमीटर हलले तरी खोटे ठिपके उमटतात. विसरण-चित्रांवरून काढलेल्या तंतुमार्गांच्या रंगीत रेषाही गणिताने काढलेल्या असतात. तंतू एकमेकांना छेदतात तिथे त्या चुकतात, आणि पुढच्या स्कॅनमध्ये रेषा जाड दिसली तर तेवढ्यावरून तंतू वाढला असे म्हणता येत नाही.