पेव्हर ब्लॉक टाकले की पाणी मुरतं?

सांगलीत अपार्टमेंटच्या पार्किंगचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: "काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉक टाका. पाणी आपोआप मुरतं." वर्षानुवर्षं चाललेला हा समज चुकीचा आहे.

सर्रास मिळणारा ब्लॉक म्हणजे दाबून घट्ट केलेलं काँक्रीटच. त्यातून पाणी आरपार जात नाही. राहता राहिली दोन ब्लॉकमधली फट. ती जेमतेम काही मिलिमीटरची, तीही टायरबरोबर येणाऱ्या मातीने बुजते. खाली कचेचा, म्हणजे दगडाच्या भुकटीचा थर, त्याखाली रोलरने ठोकलेला मुरूम. पाण्याने जायचं कुठून? फटींत शेवाळ धरलं असेल, तर पाणी तिथेच रेंगाळतंय असं समजा.

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 500 चौरस मीटरच्या पार्किंगवर 40 मिलिमीटरचा वळीव झाला की 20,000 लिटर. त्यातलं बहुतेक गेटमधून रस्त्यावर. (2019 आणि 2021 च्या महापुरांशी याची गल्लत नको, ते कृष्णेचं पाणी होतं.)

खरंच मुरवायचं असेल तर ब्लॉकखालचं काम बदलावं लागतं: रुंद फटींत बारीक खडी, खाली कच नसलेल्या खडीचा जाड थर. तिच्या पोकळीत पाणी थांबतं. आपली काळी माती भिजली की फुगते, पाणी फार सावकाश आत घेते, म्हणून जादा पाणी बाहेर काढायला तळाशी छिद्रांचा पाइपही हवा. फटी अधूनमधून साफ कराव्याच लागतात. आणि पार्किंगचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. त्यात गाड्यांचं ऑइल असतं.