लाल, बिनरंगी, पुन्हा लाल

आपोआप रंग बदलणाऱ्या द्रावणाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्याखाली कुणी 'पाण्याला स्मृती असते' असं लिहितं, ते निखालस थोतांड आहे. पण 'अभिक्रिया पुढे जाते आणि उलटी फिरते' हे स्पष्टीकरणही चूकच.

मॉस्कोत बोरिस बेलोसॉव्ह यांनी १९५१ मध्ये असं मिश्रण शोधलं, तेव्हा नियतकालिकांनी 'हे अशक्य आहे' म्हणून शोधनिबंध परत पाठवला. लंबक मधल्या स्थितीला ओलांडून पलीकडे जातो, अभिक्रिया समतोल (पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते ती स्थिती) ओलांडून जात नाही, हे खरंच आहे. पण हे मिश्रण समतोलापासून खूप दूर असतं. त्यातली मुक्त ऊर्जा, म्हणजे अभिक्रियेला पुढे रेटणारी ऊर्जा, सतत उतरत असते. वर-खाली होतात ते फक्त मधले घटक.

ब्रोमेट, मॅलॉनिक आम्ल आणि मँगनीज असलेलं मिश्रण घेऊ. त्यातली सारी किमया ब्रोमाइडची, म्हणजे ब्रोमिनच्या ऋणभारित आयनाची. मिश्रणात पुरेसा ब्रोमाइड असेपर्यंत ब्रोमस आम्ल या मधल्या घटकाचा रेणू तयार झाला रे झाला की ब्रोमाइड त्याला संपवतो. मात्र या पहाऱ्यात तो स्वतःही खर्च होतो. त्याचं प्रमाण एका मर्यादेखाली घसरलं की ब्रोमस आम्लाला मोकळं रान मिळतं. ब्रोमेटच्या जोरावर एका रेणूचे दोन, दोनाचे चार होतात. प्रत्येक फेरीत मँगनीजचे +२ आयन +३ होतात आणि द्रावण लाल दिसतं. मग हेच +३ आयन ब्रोमोमॅलॉनिक आम्लावर (ब्रोमिन जोडलेल्या मॅलॉनिक आम्लावर) तुटून पडतात, त्यातून ब्रोमाइड सुटतो, मँगनीज पुन्हा +२ होतं, रंग जातो आणि पहारा परत बसतो. ब्रोमाइड उशिरा येतो म्हणूनच हे चक्र फिरतं. तो लगेच आला असता तर द्रावण एकाच रंगावर स्थिरावलं असतं.

प्रयोगशाळेत हे करायचं तर ७५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ७५ मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल हळूहळू ओता. आम्लात पाणी कधीच ओतू नका. मिश्रण चांगलंच तापतं, ते पूर्ण निवू द्या. मग ढवळत ९ ग्रॅम मॅलॉनिक आम्ल आणि ८ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमेट विरघळवा. शेवटी १.८ ग्रॅम मँगनीज सल्फेट टाका. लाल रंग येतो आणि सुरुवातीला साधारण २० सेकंदांनी एक आवर्तन होतं. नळाचं पाणी वापरलं तर बहुधा काहीच होत नाही, कारण त्यातला क्लोराइड ब्रोमस आम्लाच्या साखळीत आडवा येतो. पूर्वी मिठाचं द्रावण ठेवलेलं बीकर नीट धुतलं नसेल तरी हीच गत. ब्रोमेट विषारी आहे, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि धूरकक्ष हवाच. घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.

पेशींतही हाच डाव चालतो. यीस्ट साखर फोडतं तेव्हा फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराला एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू रोखतो, तर एटीपी खर्च झाल्यावर वाढणारा एएमपी हा रेणू त्याला चेतवतो. त्यामुळे पेशीतला एनएडीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू लयीत वाढतो आणि घटतो.

जपानमध्ये ताकाओ कोंडो यांच्या गटाने २००५ मध्ये सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंची काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीनच प्रथिनं एटीपीसह परीक्षानळीत ठेवली. पेशी नाही, जनुकं नाहीत. तरी काय-सीवर फॉस्फेट चढण्या-उतरण्याचं चक्र जवळपास २४ तासांनी फिरत राहिलं. बीकरमधलं मिश्रण १० अंशांनी तापवलं तर आवर्तनं साधारण दुप्पट वेगाने होतात. या प्रथिनांचं घड्याळ मात्र २५ वरून ३५ अंशांवर नेलं तरी फारसं ढळत नाही.