गाठोड्यातल्या पुडीपासून अब्जावधी डॉलरपर्यंत

संशोधक ताकाजी मियाके जपानहून रेशमी कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन शिकागोला आले. आत होती लघवी! अप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे अस्थिमज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही अशा आजाराच्या, रुग्णांची 2550 लिटर लघवी आटवून, सुकवून केलेली पूड. यूजीन गोल्डवॉसर या बायोकेमिस्टला त्यातलं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हवं होतं.

प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडं हे संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवायला लागते. मूत्रपिंडं निकामी झाली की हा निरोपच जात नाही. म्हणून डायलिसिसवरचा माणूस पांढराफटक पडतो, चार पायऱ्या चढून धापा टाकतो. एवढ्या खटाटोपातून 1977 पर्यंत हाती लागलं जेमतेम 8 मिलिग्रॅम ईपीओ.

तेवढ्यावर दुकान चालत नाही. पण त्या नमुन्यामुळे प्रथिनाची थोडी रचना वाचता आली, आणि तिच्या आधाराने कॅलिफोर्नियातल्या ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी 1983 मध्ये जनुक हुडकलं. ते घातलं चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत. स्वस्तातले जिवाणू चालले नसते, कारण ईपीओवर साखरेच्या साखळ्या लागतात आणि ते काम जिवाणूंना जमत नाही. साखळ्या नसल्या तर ईपीओ रक्तात टिकतच नाही.

1989 मध्ये हे ईपीओ एपोजेन नावाने बाजारात आलं, 1991 मध्ये पांढऱ्या पेशी वाढवणारं न्यूपोजेन. दोनच औषधं, तरी 1992 मध्ये कंपनीची विक्री 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली.

मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरची. कंपनीने हेच दोन रेणू रक्तात जास्त काळ टिकतील असे केले. ईपीओवर तीनऐवजी पाच साखळ्या बसवल्या; 2001 मध्ये आरानेस्प तयार, तिपटीने टिकाऊ. न्यूपोजेनला पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लांब साखळीच्या रसायनाचं शेपूट जोडलं. 2002 मध्ये न्यूलास्टा. शेपटामुळे हा रेणू मूत्रपिंडाच्या चाळणीतून सुटत नाही, त्याला संपवतात प्रामुख्याने पांढऱ्या पेशीच. म्हणजे कॅन्सरवरच्या केमोनंतर पेशी कमी असतात तोवर औषध रक्तात राहतं, पेशी वाढल्या की त्याच ते फस्त करतात. रोज टोचून घेण्याऐवजी केमोच्या एका फेरीला एक सुई.

2006 मध्ये आरानेस्पची विक्री 400 कोटी डॉलरच्या वर होती. मग चाचण्यांत दिसलं की हिमोग्लोबिन फार वर नेलं तर हृदयाला धोका वाढतो. 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि विक्री घसरली. न्यूलास्टाची मात्र त्याही वर्षी वाढलीच.